गोष्टीतलं मूल नेमकं किती वर्षांचं?

कथेतलं मूल खोटं वाटतं ते बहुतेक वेळा लेखकाने वय न ठरवल्यामुळे. ‘चिमुरडा’ म्हणून तो मोकळा होतो, आणि मग हा चिमुरडा एका पानावर दोन वर्षांचा असतो, पुढच्या पानावर नऊचा. आधी वय पक्कं करा; पाचाच्या आतलं असेल तर महिन्यांसकट.

खोटं बोलण्याचंच घ्या. समोरच्याला आपल्याइतकं ठाऊक नसतं, हे मुलाला साधारण चार वर्षांच्या सुमारास उमगतं. त्याआधीचं मूल ‘मी नाही फोडलं’ म्हणेल, आणि ‘मग कशानं फुटलं?’ विचारलं की ‘माझ्या चेंडूनं’ असं सांगून टाकेल. तीन वर्षांच्या मुलाकडून आठवडाभर गुपित राखून घेणारं कथानक तिथेच कोसळतं.

बोबडे बोल पानभर लिहू नयेत. वाचक अडखळतो आणि पात्र नुसतं गोंडस होऊन बसतं. एखादा शब्द पुरे. त्यापेक्षा व्याकरणाच्या चुका कामाच्या, कारण त्यांमागे तर्क असतो. ‘बसला’, ‘पडला’ ऐकलेलं मूल ‘करला’, ‘येला’ म्हणतं. नियम त्याने बरोबर लावलेला असतो, आडमुठेपणा मराठीचा. ‘काल’ म्हणजे होऊन गेलेलं काहीही, अगदी सहा महिन्यांपूर्वीचंसुद्धा. (आपण मोठे ‘परवा’ दोन्ही दिशांना वापरतो, तेव्हा हसू नये.) सात-आठ वर्षांच्या तोंडी मात्र ‘करला’ शोभत नाही.

उंचीही तपासा. दोन वर्षांचं मूल साधारण ८५ सेंटीमीटर, जेवणाचं टेबल ७५च्या आसपास. डोळे डोक्याच्या टोकाच्या बरेच खाली, जेमतेम टेबलाच्या पातळीला; म्हणून टेबलावर पडलेलं पत्र त्याला दिसणार नाही. खाली बसलं की टेबलाला खालून चिकटवलेलं च्युइंगगम दिसेल.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे मूल शहाणं वाक्य बोलून मोठ्यांना रडवतं. चार वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे सहसा पुरतं कळलेलं नसतं. ते ‘आजोबा कधी येणार?’ विचारेल, उत्तर मिळाल्यावर खेळायला जाईल आणि जेवताना तेच पुन्हा विचारेल. त्याचं दुःख सलग चालत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं.

आणि प्रसंगात मुलाला स्वतःचं काहीतरी हवं असू द्या. आईबाबा वेगळं व्हायचं बोलताहेत; त्याला हवंय पेनाचं टोपण, जे बाबांच्या मांडीखाली गेलंय. ते तीनदा मागतं. चौथ्यांदा सरळ हात घालतं.