हरलेल्या लढाईचं विजयपदक

हे पदक खरं की नकली, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या संग्रहातलं, इंग्रजांनी कार्ताहेना हे स्पॅनिश बंदर जिंकल्याचं सांगणारं एक पितळी पदक हातात घेतलं की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला: "कार्ताहेनाला तर इंग्रज हरले होते ना? मग हे नकली असणार!"

नकली नाही, १७४१ सालचंच आहे. फक्त खोटं आहे.

नोव्हेंबर १७३९मध्ये अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्ननने पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्तोबेलो हे स्पॅनिश बंदर अवघ्या सहा जहाजांनिशी घेतलं आणि इंग्लंड त्याच्यामागे वेडं झालं. व्हर्नन सरकारविरोधी राजकारणी. त्यामुळे त्याचं पदक खिशात बाळगणं म्हणजे पंतप्रधान वॉल्पोलला परस्पर टोलाही होता. राजाने ही पदकं पाडून घेतली असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात, पण तसं नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या विजयपदकांवरच्या लॅटिन मजकुराचा कीस पाडायला विद्वानांची अकादमी बसवली होती. इंग्लंडात मात्र खासगी कारागीर पितळेची नाहीतर पिंचबेकची, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या तांबं-जस्ताच्या मिश्रणाची, स्वस्त पदकं पाडून विकत होते. घाई इतकी, की एकाच गावाचं स्पेलिंग दोन पदकांवर दोन तऱ्हेचं.

पुढे १७४१मध्ये व्हर्नन आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनावर गेला. बंदराच्या तोंडावरचा बोकाचिकाचा किल्ला पडल्यावर त्याने उत्साहाने घरी खलिता धाडला. मे महिन्यात तो खलिता लंडनला पोचला आणि ठसे कोरणारे लगेच कामाला लागले: 'खऱ्या ब्रिटिश वीरांनी कार्ताहेना घेतलं, एप्रिल १७४१'. प्रत्यक्षात त्याच एप्रिलमध्ये सान लाझारोच्या किल्ल्यावरचा हल्ला सपशेल फसला होता आणि उरलेलं सैन्य पीतज्वराने झडत होतं. ही बातमी लंडनला कळेस्तोवर पदकं विकली जात होती.

या मालिकेतल्या काही पदकांवर 'डॉन ब्लास', म्हणजे स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेझो, गुडघा टेकून व्हर्ननला तलवार देताना दिसतो. त्याचे पाय नीट पाहा. दोन्ही शाबूत! लेझोचा डावा पाय १७०४च्या लढाईतच गेला होता. पुढे एक डोळा गेला, एक हात निकामी झाला. कोरणाऱ्याने त्याला कधी पाहिलंच नसणार, आणि गिऱ्हाइकालाही लेझो नको होता, वाकलेला स्पॅनिश माणूस हवा होता. खरा लेझो कुणापुढे वाकला नाही. त्याच वर्षी तो कार्ताहेनातच वारला.

म्हणून मला ही पदकं आवडतात. लढाईत काय झालं ते दस्तऐवजांत सापडतं. लंडनच्या माणसाला काय ऐकायचं होतं, ते इथे सालासकट मिळतं.

आणि नकलीची शंका असेल, तर भिंगाखाली धरा. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ पडतात. नुसता पुसट झालेला चेहरा बघून काही ठरवू नका. या पदकांतली बरीचशी आधी लोकांच्या खिशांत झिजलेली असतात.