सहाचा डोस

"सिस्टर, सकाळीच तर रक्त घेतलंत, आता परत?"

काकांच्या सुनेचा आवाज अगदी रडवेला झाला होता. सिस्टर घाईत होत्या. मग मीच थांबले. फार्मासिस्ट म्हणून ते माझंच काम.

म्हटलं, काकांना चालू असलेलं व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर ते रक्तात साचतं आणि किडनीलाच त्रास देतं. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत. म्हणून संध्याकाळच्या डोसच्या अर्धा तास आधी रक्तातली त्याची पातळी बघायची.

तिने पिशवीतून छोटी वही काढली. "पण मॅडम, सकाळचा डोस सहाला नव्हता लागला. शीर मिळत नव्हती. साडेसात झाले होते."

चार्टवर सहाच लिहिलेलं.

दीड तासाचा फरक! औषध बाहेर पडायला तेवढा वेळ कमी मिळालेला, म्हणून पातळी असायला हवी त्यापेक्षा जास्त वाटली असती आणि डोस विनाकारण कमी झाला असता. 2020 पासून आम्ही नुसत्या एका आकड्यावर न जाता दिवसभरात रक्तात राहिलेल्या औषधाच्या एकूण प्रमाणाचा हिशोब मांडायला लागलो. पण त्या हिशोबालाही डोसची खरी वेळच लागते.

रात्रभर उशाशी बसलेल्या माणसाला ती वेळ नक्की ठाऊक असते. तुमच्या वॉर्डात त्यांना कुणी विचारतं का?