भिवंडीत गोडाऊन बघायला निघालात? आधी मुंब्रा बायपास बघून घ्या

दलाल फोनवर म्हणाला होता, "साहेब, माणकोलीत गाळा घ्या. पोर्ट एक तास, मुंबई पाऊण तास, नाशिक तर दारातच." यातलं नाशिकचं खरं आहे. मुंबईचं रात्री खरं असतं. पोर्टचा एक तास मात्र त्याने कुठून काढला देव जाणे. त्या तासावर विसंबून कुणी डिपॉझिट भरू नये म्हणून हे लिहायला बसलोय. अंग अजून आंबलेलं आहे, तेव्हा भाषा थोडी तिखट झाली तर चालवून घ्या.

आमचं काम सांगलीचं, हळदीचं. थोडा माल कंटेनरने न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो, बाकीचा पाकिटं होऊन मुंबई-ठाण्याच्या दुकानांत. दोन्ही कामांना मिळून मुंबईच्या अंगाला एकच गोडाऊन असावं, असा विचार होता. गाळे बघायला कारने न जाता आमच्याच भरलेल्या आयशर ट्रकमध्ये ड्रायव्हरमामांच्या शेजारी बसून गेलो. तुम्हीही तसंच करा. कारच्या काचेतून भिवंडी काही कळत नाही. फास्टॅग, ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद), जीएसटीत जादा जागा नोंदवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. खाण्याचा माल असेल तर गोडाऊनसाठी एफएसएसएआयचा परवाना वेगळा काढावा लागतो. तेवढं लक्षात असू द्या, दलाल सांगणार नाही.

सांगली ते कळंबोली लिहिण्यासारखं काही नाही. मी झोपलो होतो.

कळंबोलीनंतर तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव आणि मग माणकोली. नकाशावर जेमतेम 40 किलोमीटर. शिळफाट्याच्या अलीकडेच गाडी रांगेला लागली. पुढे पोलिसांनी अवजड गाड्या कडेला घ्यायला लावल्या, आमच्या पुढचे-मागचे सगळे ट्रेलर कडेला लागले आणि त्यांच्यात आम्हीही अडकलो. दिवस मावळला. पाऊस लागला. मामा स्टिअरिंगवर पाय टाकून निवांत झोपले. त्यांना हे रोजचंच. मी मात्र खाली उतरून ट्रेलर मोजत होतो.

ही खोच समजून घेतल्याशिवाय गोडाऊन घेऊ नका. बंदर खाडीच्या दक्षिणेला, नाशिक आणि गुजरातचे रस्ते उत्तरेला. मधल्या मुंबई-ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मुंब्रा गाव आणि खाडी. म्हणजे बंदरातून उत्तरेकडे जाणारा बहुतेक माल डोंगराच्या कडेने काढलेल्या या एका पट्टीवर येतो. न्हावाशेवाला 2023-24 या वर्षात 64 लाखांवर टीईयू (म्हणजे 20 फुटी कंटेनरच्या मापाने) इतके कंटेनर हाताळले गेले. त्यातले कितीतरी रेल्वेने जात असतील, पण राहिलेले कुठे दिसतात ते मी बघून आलोय. चढावर एका ट्रेलरचा क्लच गेला की मागे शिळफाट्यापर्यंत रांग. 2018 साली दुरुस्तीसाठी हा बायपास काही महिने बंद होता, तेव्हा ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे वाहतुकीचा बोऱ्या वाजला होता.

वेळेचं गणित असं. ठाणे वाहतूक पोलिसांची त्या आठवड्याची अधिसूचना बघितल्याशिवाय गाडी सोडू नका; सणवार, पूलदुरुस्ती, काहीही निघालं की वेळा बदलतात. रात्री बंदी उठली की लगेच निघण्यातही अर्थ नाही, कारण सगळे तेव्हाच सुटतात. मध्यरात्र उलटू द्या आणि उजाडायच्या आत खारेगावचा खाडीपूल ओलांडा. ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. सांगलीहून येताना हिशोब काठावर असेल तर इथे मुदत संपू शकते. मुदत संपण्याआधीचे आणि नंतरचे 8 तास वाढ मिळते, ते काम फोनवरूनच उरका.

आता भिवंडी. माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, पुढे सोनाळे, वडपे, पडघ्यापर्यंत गोडाऊनच गोडाऊन. हे सगळं बंदरामुळे उभं राहिलं असं दलाल सांगतात, त्यात फारसा दम नाही. मुंबईत माल शिरताना जकात लागायची. ज्याला लागेल तेवढाच माल आत न्यायचा होता, तो बाकीचा हद्दीबाहेर ठेवायचा. यंत्रमागांचं गाव असल्यामुळे टेम्पो, हमाल, सुताच्या गाठी ठेवायच्या जागा आधीपासून होत्या. ग्रामपंचायतींच्या भातशेतीत भराव टाकून गाळे उठले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि भिवंडीचं आता काय होणार असं लोक विचारू लागले. झालं उलटंच. राज्याराज्यात डेपो ठेवून केंद्रीय विक्रीकर वाचवायची गरज संपली, कंपन्यांनी बारके डेपो मोडून मोठी गोडाऊनं घेतली, आणि गिऱ्हाईक जिथे दाटीने राहतं त्याच्या दाराशीच ती घेतली.

भिवंडीची खरी ताकद रात्री दहानंतर दिसते. एका फोनवर छोटा हाथी (लहान टेम्पो) मिळतो, पिकअप मिळते, 32 फुटी कंटेनर मिळतो. पॅलेट दुरुस्त करणारा आहे, श्रिंक-रॅपवाला आहे, पंक्चरवाला आहे, परतीचा माल देणारा आहे. आमची रिकामी आयशर परत कोल्हापूरकडे न्यायला भाडं चहा संपायच्या आत ठरलं. सांगलीत यासाठी गाडी दोन दिवस उभी राहते. मुंबई, ठाणे, कल्याण, वसई या सगळ्या दुकानांना रात्री भरून पहाटे माल पोचवायचा असेल तर याहून सोयीची जागा मला तरी दिसली नाही.

मग वाराई. ज्या गोडाऊनला आमचा माल उतरवायचा होता तिथे चौघे येऊन उभे राहिले. उतरणीची हमाली मालकाने दिलेली, तरी ड्रायव्हरकडून वाराईचे वेगळे पैसे हवेत. कशाचे? "गाडी लावायचे." पावती? हसले. मामा म्हणाले, द्या आणि सुटा. मी दिले नाहीत आणि गाडी दुपारपर्यंत डॉकला लागली नाही. शेवटी घासाघीस करून निम्म्यावर मिटलं, पण तोवर हाल्टिंगचा, म्हणजे गाडी खोळंबल्याचा भुर्दंड वाराईच्या वर गेला होता. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. माथाडी कायदा 1969 चा. नोंदणी झालेल्या कामगाराची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची असते आणि त्याचा कागद असतो. कागद नसेल तो माथाडी नव्हे. भाडेकरारातच लिहून घ्या: चढ-उतारीचा दर नगामागे किती, तो कोण देणार, ड्रायव्हरकडून काहीही घेतलं तर जबाबदारी कुणाची. तोंडी "बघून घेऊ" म्हणणाऱ्या मालकाचा गाळा सोडून द्या.

गाळे पावसाळ्यातच बघा. मी बघितलेल्यांपैकी एकाच्या आत भिंतीवर गुडघाभर उंचीला ओलीची रेघ होती, वर ताजा चुना. कामवारी नदीचं पाणी आणि भराव टाकून अडलेले नाले, दोन्ही मिळून ही रेघ ओढतात. जोत्याची उंची रस्त्यापासून मोजा, शेजारच्या चहावाल्याला विचारा. फाट्यापासून आतला रस्ता चालत बघा. 40 फुटी ट्रेलर वळणार नाही अशा गल्लीत आलिशान गोडाऊन असून काय उपयोग! या भागातल्या 60 गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, त्यामुळे त्यांची परवानगी, एनए (बिगरशेतीचा कागद) आणि अग्निशमनचा दाखला तिन्ही हातात घेऊन वाचा. आधी विमा कंपनीला दाखवा, मग टोकन द्या. आग इथे नवलाची गोष्ट नाही, आणि कागद नसले की विमावाला पहिला पळतो.

गुजरातकडे माल जाणार असेल तर अंजूरफाटा-कामण-चिंचोटी रस्ता स्वतः जाऊन बघा. पावसात त्याला रस्ता म्हणणं धाडसाचं आहे.

येताना आमणेहून समृद्धी महामार्गावर इगतपुरीपर्यंत जाऊन आलो. हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा जून 2025 मध्ये सुरू झाला. रस्ता झकास. नागपूर-संभाजीनगरचा माल मुंबईत वाटायचा असेल तर पडघा-आमणेच बघा, माणकोलीपर्यंत येऊच नका.

आमच्यापुरता निकाल: दुकानांचा माल भिवंडीत, निर्यातीचा नाही. भाड्याच्या फुटामागे वाचलेले पैसे ट्रेलरच्या एका फेरीत जातात. पनवेल-पळस्पे बाजूला तोच ट्रेलर दिवसात बंदराच्या दोन फेऱ्या करू शकतो, माणकोलीहून एक झाली तरी नशीब. कंटेनरवाल्यांनी पळस्पे, जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर) रोड, तळोजा या पट्ट्यातच शोधावं. दलाल पुन्हा पुन्हा फोन करेल. त्याला म्हणावं, संध्याकाळी सहाला माणकोलीत भेटू आणि तुझ्या एका तासात मला न्हावाशेवाच्या गेटवर पोचव. आमच्यावाल्याने त्यानंतर फोन उचलला नाही.