परदेशात फ्रूट केक शोधताना आधी पपई आठवा

जळगाव-धुळ्याकडच्या बेकरीत खारी आणि टोस्टच्या शेजारी फ्रूट केक ठेवलेला असतो. पिवळट, हलका, लांबट लादीचा काप, मधे लाल-हिरवे-पिवळे तुकडे, आणि कागद सोलताना कागदालाच चिकटून येणारी तपकिरी साय. आपल्याकडचा माणूस बर्मिंगहॅमच्या किंवा न्यू जर्सीच्या दुकानात ‘फ्रूटकेक’ मागतो तेव्हा त्याच्या डोक्यात हाच काप असतो. हातात पडतो तो काळसर, विटेएवढा जड, मनुकांनी ठासलेला आणि दारूचा वास येणारा गोळा. मग घरी फोन जातो की इथला केक काही खरा नाही. केक खरा असतो, फक्त तो दुसरा पदार्थ असतो.

इंग्रजी पद्धतीच्या भारी फ्रूट केकमध्ये पिठाच्या तिप्पट-चौपट सुकामेवा असतो. तो १४०-१५० अंशांवर तीन-चार तास भाजतात आणि मग आठवडे न् आठवडे ब्रँडी पाजत ठेवतात. आपला बेकरीतला काप म्हणजे साधा लोणी-अंड्याचा केक, त्यात पिठाच्या निम्म्याहून थोडी जास्त टूटी-फ्रूटी. टूटी-फ्रूटी म्हणजे साखरेत मुरवलेली कच्ची पपई. शहादा-नंदुरबारच्या शेतांत ‘तैवान ७८६’ची जी झाडं उभी असतात, त्याच फळाची. चेरीचा आणि तिचा काही संबंध नाही. हे एकदा कळलं की शोध निम्मा संपतो.

तयार विकत घ्यायचा असेल तर नाव बदलून मागा. सगळ्यात जवळचा भाऊ फ्रान्समध्ये सापडतो. तिथे त्याला नुसतं ‘केक’ म्हणतात, पाकिटावर ‘केक ओ फ्रुई’ असं लिहिलेलं असतं. लांबट लादी, पिवळा गर, रंगीत मुरवलेली फळं. थोडी रम असते, ती चालत नसेल तर घटक वाचूनच घ्या. जर्मनीत ‘क्योनिग्सकूखन’ किंवा ‘एंग्लिशर कूखन’ बघा. पोलंडमध्ये याचं नाव ‘केक्स’. इंग्लंडमध्ये पोलिश दुकानं जागोजागी आहेत, नाताळाच्या आधी तिथे नक्की डोकावा. इंग्रजांच्या स्वतःच्या केकमध्ये ‘जेनोआ’ आपल्या चवीला त्यातल्या त्यात जवळ. ‘मदीरा’ नावाला भुलू नका, त्यात फळच नसतं. आखातात हा प्रश्न फारसा येत नाही. तिथल्या मल्याळी बेकऱ्यांत बिनदारूचा प्लम केक आणि टूटी-फ्रूटीचा काप दोन्ही मिळतात.

अमेरिकेत मात्र अपेक्षा कमी ठेवा. टेक्सासमधलं कोर्सिकाना आणि जॉर्जियातलं क्लॅक्स्टन ही गावं फ्रूटकेकसाठी प्रसिद्ध आहेत, पण तो केक पेकान (अक्रोडासारखा मेवा), मुरवलेल्या चेरी आणि अननसाने इतका भरलेला असतो की केक कमी आणि बर्फी जास्त. पातळ काप करून चहाबरोबर खाल्ला तर वाईट नाही. आणि तुम्हाला जर मुळात काळा, मसाल्याचा प्लम केक हवा असेल, तर लंडन, टोरांटो, न्यू यॉर्कमधल्या कॅरिबियन बेकऱ्यांतला ‘ब्लॅक केक’ घ्या. रममध्ये मुरलेली फळं वाटून, जाळलेल्या साखरेचा रंग देऊन तो करतात. इंग्रजी केकपेक्षा मऊ, आणि माझ्या मते चवीलाही वरचढ.

आता लेबल. ब्रिटन, युरोप आणि अमेरिका तिन्हीकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. भारी फ्रूट केक घेताना पहिलं नाव सुकामेव्याचं हवं. पहिली साखर किंवा मैदा दिसला तर पाकीट परत ठेवा. ब्रिटन आणि युरोपात नावात मिरवलेल्या घटकाची टक्केवारीही द्यावी लागते. भारी केकमध्ये सगळी फळं मिळून चाळीस टक्क्यांच्या आत असतील तर तो केक नुसता रंगाने काळा आहे. इटलीने पानेत्तोने या आपल्या नाताळच्या गोड पदार्थासाठी २००५ साली कायदाच केला: किमान २० टक्के मनुका आणि मुरवलेली साल, किमान १६ टक्के लोणी. म्हणून इटालियन पानेत्तोने स्वस्तातला घेतला तरी फार फसवणूक होत नाही. पण तो खमिराचा, पावासारखा धाग्याधाग्याने सुटणारा. त्याला केक समजून घेतलं की निराशा ठरलेली.

अंडं न खाणाऱ्यांनी श्टोलन, म्हणजे जर्मनीचा नाताळातला सुकामेव्याचा गोड पाव, बघावा. त्याच्या मूळ पिठात अंडं नसतं, तरी प्रत्येक पाकीट तपासा. युरोपात अंडं, दूध, काजू-बदाम अशी ॲलर्जीची नावं यादीत ठळक छापतात, शोधायला क्षणही लागत नाही. दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. ‘मिन्समीट’ (नावात मीट असलं तरी हे सुकामेवा-मसाल्याचं सारण) घातलेला केक, मिन्स पाय आणि ख्रिसमस पुडिंग यांत ‘सूएट’ असू शकतं. ते गाई-बैलाच्या किंवा मेंढीच्या गुर्द्याभोवतालची चरबी असते. ‘व्हेजिटेबल सूएट’ असं लिहिलं असेल तर चालतं. नुसतं ‘सूएट’ असेल तर काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

खरेदीची वेळही सांगून ठेवतो. इंग्लंडात २६ डिसेंबरनंतर नाताळाचे केक अर्ध्या किमतीत निघतात. भारी फ्रूट केक बंद डब्यात महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे तो जानेवारीतच घ्यावा. जेनोआ आणि आपल्यासारखे हलके केक तसे टिकत नाहीत, ते साठवायच्या भानगडीत पडू नका.

हे सगळं करूनही तो बेकरीतला काप मिळत नाही, हे मान्य. मग घरी करणं आलं, आणि घरी करायला टूटी-फ्रूटी हवी. भारतीय किराणा दुकानात मिळते, पण रंग बघून घ्या. आपल्याकडच्या लाल टूटी-फ्रूटीत बऱ्याचदा एरिथ्रोसिन, म्हणजे ई १२७, असतो. युरोपात तो फक्त चेरीच्या काही प्रकारांत चालतो. अमेरिकेत अन्न खात्याने जानेवारी २०२५ मध्ये त्याची परवानगी काढून घेतली आणि कंपन्यांना २०२७ पर्यंत मुदत दिली. गावाहून पाकीट नेणार असाल तर कोरडी, सुटी टूटी-फ्रूटी न्या. पाकातली बॅगेत गळते आणि कपड्यांना चिकटा लावते. विमानतळावरच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ लिहा, ऑस्ट्रेलियात तर न विसरता.

घरी करायची असेल तर कच्ची पपई थाई किंवा व्हिएतनामी दुकानात मिळते. ते लोक तिची कोशिंबीर करतात, म्हणून जवळजवळ बारमाही असते. साल गडद हिरवी, हाताला दगडासारखी, आणि कापल्यावर आतला गर व बिया पांढऱ्या हव्यात. बिया काळ्या पडल्या असतील तर तिची भाजी करा. पिकायला लागलेल्या फळातलं पेक्टिन, म्हणजे गर घट्ट धरणारा घटक, सैल होतं आणि तुकडे पाकात विरतात. चीक हाताला खाजतो, तेव्हा हाताला तेल लावून सोला.

एक किलो पपईतून साल-बिया जाऊन साधारण ६००-६५० ग्रॅम गर निघतो. त्याचे अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करा. खायचा चुना एक चमचा, एक लिटर पाण्यात कालवून ठेवा, वरची निवळी काढून घ्या आणि तुकडे त्यात तासभर बुडवा. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून तुकडा शिजूनही कडेला कडक राहतो. मग तीन-चार पाण्यांतून धुवा. चुना राहिला तर जिभेला लागतो. साध्या पाण्यात पाच-सहा मिनिटं उकळा, तुकडे अर्धवट काचेसारखे दिसले की निथळा.

साखर एकूण ६०० ग्रॅम, पण एकदम घालायची नाही, इथेच बहुतेकांचं बिघडतं. घट्ट पाकात तुकडे टाकले की पाक आतलं पाणी भराभर ओढून घेतो, साखर आत शिरायच्या आधीच तुकडा आक्रसतो आणि सुरकुतलेल्या मनुकेसारखा होतो. पहिल्या दिवशी ३०० ग्रॅम साखर आणि अर्धा लिटर पाणी, त्यात तुकडे आठ-दहा मिनिटं मंद उकळून रात्रभर तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी १५० ग्रॅम साखर घालून पाच मिनिटं उकळी. तिसऱ्या दिवशी उरलेली १५० ग्रॅम आणि चमचाभर लिंबाचा रस, आणि एकतारी पाक होईपर्यंत आटवा; थर्मामीटर असेल तर १०५ अंश. लिंबामुळे साखरेचे खडे बांधत नाहीत. आता तीन वाट्यांत वाटून रंग घाला, बारा तास मुरू द्या, चाळणीवर निथळा आणि जाळीवर दीड दिवस पसरा. थंड देशात हीटर चालू असलेल्या खोलीत ती आपल्या पावसाळ्यातल्यापेक्षा कितीतरी लवकर वाळते. वरून पांढरी खर आली तर पाक जास्त आटला. बोटांना चिकटत राहिली तर कमी आटला किंवा घाईने भरली.

नैसर्गिक रंगाच्या हट्टापायी बीटाचा रस वापरणाऱ्यांना एवढंच सांगणं: भट्टीच्या आचेत तो विटून मातकट होतो. हळदीचा पिवळा टिकतो, पण केकमध्ये खायचा सोडा जास्त पडला तर तुकड्याभोवती लालसर कडा येते.

आता केक. ८ बाय ४ इंचांच्या लादीच्या भांड्याला मैदा २०० ग्रॅम, लोणी १५०, बारीक साखर १५०, अंडी ३, बेकिंग पावडर एक सपाट चमचा, दूध ३-४ मोठे चमचे, टूटी-फ्रूटी १२० ग्रॅम, व्हॅनिला एक चमचा आणि अननसाच्या इसेन्सचे चार थेंब. बेकरीचा जो वास आठवतो, तो बऱ्याचदा या थेंबांचाच. वजनकाट्यानेच मोजा. प्रत्येक देशाचा कप वेगळा, अंडंही वेगळं: अमेरिकेतलं ‘लार्ज’ सोलून साधारण ५० ग्रॅम भरतं, ब्रिटनमध्ये तेवढं भरायला ‘मीडियम’ घ्यावं लागतं.

पिठाचाही घोळ होतो. ब्रिटनमधल्या ‘सेल्फ रेझिंग’ पिठात बेकिंग पावडर आधीच असते. त्यात आणखी घातली तर केक टम्म फुगतो आणि मधे बसतो. अमेरिकेतलं ‘ऑल पर्पज’ पीठ आपल्या कामाला जरा चिवट पडतं, म्हणून २०० ग्रॅममधलं २५ ग्रॅम काढून तेवढं कॉर्नस्टार्च घाला. हेच ब्रिटनमध्ये ‘कॉर्नफ्लोअर’ नावाने मिळतं, पण अमेरिकेत कॉर्नफ्लोअर मागाल तर मक्याचं पिवळं पीठ मिळेल. जर्मनीत ४०५ क्रमांकाचं पीठ घ्या. तिथलं बेकिंग पावडरचं एक पाकीट अर्धा किलो पिठासाठी असतं, सगळं एका केकमध्ये रिकामं करू नका.

लोणी बोट सहज रुतेल इतकं मऊ हवं. डिसेंबरात तिकडच्या स्वयंपाकघरात ते आपोआप तसं होत नाही, आणि फ्रिजमधली अंडी घातली की मिश्रण फाटतं. अंडी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. फाटलंच तर चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं. लोणी-साखर पांढरट होईपर्यंत, हँड मिक्सरवर पाचेक मिनिटं. अंडी एकेक. मग मैदा नि दूध हलक्या हाताने.

तुकडे तळाला बसण्याची तक्रार सगळ्यांची असते, आणि सगळे त्यांना मैदा चोळतात. त्याने थोडाच फरक पडतो. खरी कारणं दोन: तुकड्यावरचा ओला पाक आणि सैल मिश्रण. तुकडे गाळणीत पटकन धुवून कापडावर कोरडे करा, मग चमचाभर मैद्यात घोळवा. मिश्रण चमच्यावरून धपकन पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. तळाला एक तृतीयांश मिश्रण बिनफळाचं घाला, तुकडे उरलेल्यात मिसळा आणि मूठभर वरून पेरा. सातपुड्याची चारोळी डब्यात असेल तर तीही वरच भुरभुरा. १६० अंशांवर, पंख्याच्या भट्टीत १४५ वर, ४५ ते ५५ मिनिटं. सळई कोरडी आली की बाहेर.

अंड्याशिवाय करायचा असेल तर कंडेन्स्ड मिल्क अर्धा डबा म्हणजे २०० ग्रॅम, लोणी १००, मैदा १८०, दूध १५० मिली, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा चमचा, आणि शेवटी व्हिनेगर एक चमचा. व्हिनेगर पडल्यावर लगेच भट्टीत गेला पाहिजे. हा लवकर लाल होतो, अर्ध्या तासाने वर फॉइल झाका. यात तुकडे जास्त बसतात, कारण मिश्रण सैल. म्हणून ते आणखी बारीक, डाळीएवढे करा.

राहिला कागद. परदेशातल्या बेकिंग पार्चमेंटला सिलिकॉनचा लेप असतो, केक त्यावरून साफ सुटतो आणि ती साय केकवरच राहते. साय कागदावर हवी असेल तर इंग्लंडमध्ये ‘ग्रीसप्रूफ’ नावाचा बिनलेपाचा कागद मिळतो, तो तुपाचा अगदी पुसट हात लावून भांड्यात बसवा. केक पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर डब्यात ठेवा आणि सकाळी सोला. साय कागदावर येते, ती चमच्याने खरवडायची.