रग्बी, टॅकल आणि ट्रान्स महिला

ट्रान्स महिलांनी, म्हणजे जन्माने पुरुष पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांनी, महिलांच्या रग्बीत खेळावं का, यावर कालपासून ग्रुपवर नुसती मारामारी चाललीय, आणि निम्म्या लोकांनी अल्जेरियाची बॉक्सर इमान खलिफ हिचा फोटो टाकलाय, अरे ती ट्रान्स नाहीये, मुलगी म्हणूनच जन्मली आणि वाढली, तो वाद वेगळा.

ट्रान्सचाच मुद्दा हवा असेल तर ऑस्ट्रेलियातली हॅना माउन्सी बघा. आधी पुरुषांच्या हँडबॉल टीमकडून देशासाठी खेळलेली, नंतर ट्रान्झिशन केलं, म्हणजे स्त्री म्हणून जगायला लागली, आणि २०१७ मध्ये महिलांच्या फुटबॉल लीगसाठी, म्हणजे त्यांचा तो अंगावर धावून जायचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, नाव दिलं. उंची १९० सेंटीमीटर, वजन १०० किलोच्या आसपास. लीगने ड्राफ्टच्या, म्हणजे टीम्सनी खेळाडू निवडायच्या, अगदी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. निर्णय काहीही असो, पण ही काय वेळ झाली सांगायची?

२०२० मध्ये वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने आंतरराष्ट्रीय महिला रग्बी ट्रान्स महिलांना बंद केली. कारण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन औषधाने खाली येतं, पण वयात येताना वाढलेली हाडं, उंची काही परत जात नाही, आणि स्नायूंची ताकदही थोडीच घटते. टॅकलमध्ये, म्हणजे धावणारीला धरून पाडताना, समोरचीची मान मोडू शकते हो. त्या लेव्हलला मला हे पटतं. पण गल्लीतल्या क्लबात रविवारी गंमत म्हणून खेळणारीलाही तोच नियम? इंग्लंडने २०२२ मध्ये तेच केलं, खेळणाऱ्या ट्रान्स महिला मोजक्याच असताना. तिथे मला जरा जास्तच वाटलं. बुटक्या-धिप्पाड बायका एकमेकींना भिडतातच की तिथे.