पावसाची फीत, मानशीचं दार आणि ताटातलं मीठ

५ जून

मिरग दोन दिवसांवर आलाय. घरी शिकणाऱ्या मुलांचं वर्ष गोव्यात पावसाबरोबर सुरू करावं. मोजायला रोज काहीतरी लागतं, आणि जूनपासून ते आभाळातून येतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांना वर्षाला चार-पाच प्रकल्प भरपूर झाले. रोज नवी हस्तकला काढली की घरात रंगीत कपट्यांचा ढीग साठतो आणि आठवड्यानं मुलाला त्यातलं काही आठवत नाही. एकच वस्तू शंभर दिवस, रोज दहा मिनिटं पाहिली तर ती अंगात मुरते.

पहिली वस्तू पर्जन्यमापक. दोन लिटरची, सरळ अंगाची शीतपेयाची बाटली घ्यायची. कंबर बारीक असलेली चालत नाही. मानेखाली बाटली पूर्ण रुंद होते तिथे कापायची आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. कापायचं मोठ्यांनी, कडेला चिकटपट्टी लावायची मुलांनी. तळ उंचसखल असतो, म्हणून मूठभर खडे घालून अंग सरळ होतं तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. रेघेच्या वर मिलिमीटरची पट्टी. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच रुंदीचं, त्यामुळे पाणी जितकं चढलं तितकाच पाऊस. आकडेमोड काही नाही.

बाटली चार चिऱ्यांच्या मध्ये घट्ट बसवायची, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात आडवी होते. तोंड जमिनीपासून वीतभर तरी उंच हवं, कारण अंगणातले शिंतोडे आत उडतात. पागोळ्यांखाली ठेवली तर छपराचा पाऊस मोजला जातो, माडाखाली ठेवली तर झावळ्यांचा. गच्ची असेल तर गच्चीचा मधला भाग उत्तम.

१२ जून

वाचन सकाळी साडेआठला, रोज त्याच वेळी. हवामान खातंही २४ तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरातला आकडा शेजारी लिहिता येतो. दोन आकडे जुळत नाहीत, आणि जुळायला नकोतच: पणजीत पडलेला पाऊस फोंड्यात पडतोच असं नाही. बाटली हातात उचलून वाचली की तिरकी होते. मुलानं खाली बसून डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे. वाचून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकायचं. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा पाऊस एकाच तारखेवर चढतो.

ज्यांना अजून आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी फीत. बाटलीत जितकं पाणी, तितक्याच लांबीचा कापडी फितीचा तुकडा कापायचा आणि भिंतीवर कालच्या तुकड्याच्या वर जोडायचा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सप्टेंबर सरेपर्यंत ही फीत जमिनीपासून निघून छताला टेकायला येते. तीन मीटर पाऊस म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कशानंही इतकं कळत नाही. कागदाची पट्टी आणि खळ वापरू नये. जुलैत तिच्यावर बुरशी येते आणि झुरळं खळ खातात. कापडी फीत आणि टाचण्या बऱ्या.

कोरड्या दिवशी वहीत शून्य लिहायचं. रिकामी जागा म्हणजे पाहिलं नाही, शून्य म्हणजे पाहिलं आणि पाऊस नव्हता. हा फरक मला पर्जन्यमापकाइतकाच मोलाचा वाटतो.

२० जून

बादलीतलं भात. पॉलिश केलेला तांदूळ रुजत नाही, टरफलासकट भात लागतं. ते मुलांना सांगू नये. ओल्या फडक्यात दहा दाणे तांदळाचे, दहा भाताचे, तीन-चार दिवस, एवढं केलं की झालं. तरवा (भाताची कोवळी रोपं) २१ ते २५ दिवसांचा झाला की १५ लिटरच्या बिनभोकाच्या बादलीत चिखल करून तीन ठिकाणी दोन-दोन रोपं लावायची. वर तीन बोटं पाणी. दर सहाव्या दिवशी पाणी पूर्ण ओतून नवं भरायचं, कारण डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. बादली पडवीत ठेवली तर रोपं उंच हिरवीगार होतात आणि लोंबी धरत नाहीत, म्हणून ती उघड्यावरच हवी. मुलांनी मोजायचे ते फुटवे, दर रविवारी.

चवथीच्या आदला आठवडा

माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या मांडवीचं, सामान बाजारात आलंय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळाचा घड, सुपारीचा घोस, आंबाडे, तोरिंगं, कवंडाळं एकाच ओळीत मांडलेली दिसतात. वनस्पतींचं इतकं चांगलं प्रदर्शन वर्षात पुन्हा लागत नाही. प्रत्येक फळाचं चित्र, नाव, आणि ‘खायचं की नुसतं बांधायचं’ ही तिसरी नोंद. कवंडाळासारखी रानफळं शोभेचीच, तोंडात घालायची नाहीत, आणि हाताळून झालं की हात धुवायचे.

पण या आठवड्याचा खरा प्रयोग मातीचा. शाडूचे ५० ग्रॅमचे दोन गोळे करायचे. एक पंख्याखाली पूर्ण वाळवायचा (भाद्रपदाच्या हवेत आठवडा लागतो, म्हणून आधीच करून ठेवावा), दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. मग दोन काचेच्या पेल्यांत पाणी घालून दोन्ही एकदम सोडायचे. सगळ्यांना वाटतं ओला आधी विरघळेल. होतं उलटं: वाळलेला गोळा बुडबुडे सोडत थोड्याच वेळात ढासळतो आणि ओला तासन्‌तास तसाच बसून राहतो. कोरड्या मातीच्या बारीक छिद्रांत पाणी घुसतं, आतली हवा कोंडते आणि माती फोडून बाहेर येते. ओल्या गोळ्याची छिद्रं आधीच पाण्यानं भरलेली. विसर्जनाच्या मूर्तीची माती का नीट वाळलेली हवी, हे मुलं यानंतर स्वतःच सांगतात.

पानं, बिया, खडे, शंख हीच साधनं घेऊन ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी चालवली. महागड्या संचांच्या जाहिराती दिसल्या की ते आठवावं.

दिवाळी

छोट्या नरकासुराचं डोकं फुग्यावर: एक वाटी मैदा, दोन वाट्या पाणी, शिजवून खळ, वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे चार थर. दोन थर झाले की एक दिवस थांबायचं. चारही एकदम लावले तर आतले ओले राहून कुजतात. फुगा उन्हात ठेवू नये, हवा तापून फुगते आणि ओला कागद फाटतो.

नोव्हेंबर

‘परीक्षेचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक आजी-आजोबांचा असतो आणि तो रास्त आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मुक्त मूलभूत शिक्षणात ए, बी, सी असे स्तर आहेत, ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. दहावीसाठी वय किमान १४ लागतं. तोवर तारखेनिशी लिहिलेली मुलाची वही जपून ठेवावी.

जानेवारी

खाजन शेतीचं मॉडेल. खाडीकाठची सखल जमीन बांधानं राखलेली, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची दार असलेली वाट. ओहोटीला तिचं दार आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं, भरतीला बाहेरच्या रेट्यानं आपोआप मिटतं. माणूस लागत नाही.

४० × ३० सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. मधोमध सनपॅक शीटची भिंत, एका बाजूला समुद्र, दुसरीला शेत, तळापासून दोन सेंटिमीटरवर ४ × ४ चं भोक. कडा तेलकट क्लेनं बंद करायच्या. शाडू लावला तर पाच मिनिटांत चिखल होतो. दार जुन्या एक्स-रे फिल्मचं, ६ × ६, म्हणजे भोकाच्या चारही बाजूंना एक सेंटिमीटर जास्त. ते समुद्राच्या बाजूनं, फक्त वरच्या कडेला कापडी चिकटपट्टीनं लटकवायचं, सगळं कोरडं असतानाच. फोम शीटचं दार करू नये. फोम तरंगतो, भरतीबरोबर वर उचलला जातो आणि दार नेमकं नको तेव्हा उघडतं. फिल्म वाकलेली असेल तर रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावी. तरी कड उघडी राहिली तर खालच्या टोकाला रुपयाचं नाणं चिकटवावं.

समुद्राच्या पाण्यात नीळ. आधी शेतात सहा सेंटिमीटर पाणी: दार उघडून वाहतं. मग समुद्राची बाजू भराभर भरायची: दार चपकन भिंतीला बसतं. थोडी निळाई आत पाझरते, ती पाझरू द्यावी. खऱ्या खाजनातही खारेपण शिरतं, म्हणून तिथे खारं सोसणारं कोरगुट भात लावतात. आणि एकदा मुद्दाम दार शेताच्या बाजूनं लावून पाहायचं. शेत निळं होताना मुलं जे ओरडतात, त्यात सगळा धडा आला.

यानंतरच खरी मानस पाहायला न्यावं, सकाळच्या ओहोटीला एकदा आणि सहा तासांनी पुन्हा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तीही वहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण निवडलं तर फरक डोळ्यांत भरतो.

मार्च

काजूचा हंगाम. कच्ची बी मुलांच्या हाती भाजायला देऊ नये. सालीतल्या तेलानं कातडी भाजते आणि धूरही झोंबतो. बोंडं मोजा, कापा, वास घ्या, तेवढं पुरे.

एप्रिल

मीठ. खुल्या किनाऱ्यावरून भरतीचं दोन लिटर पाणी आणावं आणि दुहेरी मलमलनं गाळावं. मांडवीच्या मुखाजवळचं पाणी नदीमुळे कमी खारं असू शकतं. ते दुसऱ्या ताटात घेऊन तुलना केली तर फारच छान. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ताट प्लास्टिकचं, ४० × ३०, शक्यतो काळं. स्टीलला मीठ खातं, अ‍ॅल्युमिनियमला त्याहून जास्त. पाणी एका वेळी दीड सेंटिमीटरच्या वर नको, उरलेलं नंतर ओतावं. दिवसा वर मच्छरदाणीचं कापड, सूर्य बुडला की ताट घरात, नाहीतर रात्रीच्या दवानं पुन्हा ओलं होतं.

दोन-तीन दिवसांत तळाशी पांढरी भुकटी बसते. ती मीठ नव्हे, चुनखडी आणि जिप्सम. पाणी वेगळ्या ताटात काढून घ्यायचं. साधारण पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, उरलं की पृष्ठभागावर चौकोनी चिमुकले कण तरंगू लागतात. भिंग इथे लागतं: प्रत्येक कण मध्ये खोलगट, पायऱ्यापायऱ्यांच्या पालथ्या मनोऱ्यासारखा. ताट हलवलं की ते बुडतात, म्हणून ताट आणि टेबल दोन्ही हलवायची नाहीत. शेवटचं ५०-६० मिलिलिटर पाणी ओतून द्यायचं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते राहिले तर मीठ कडवट होतं आणि बरणीत ओलसर राहतं. मिठागरातही ते काढूनच टाकतात. हाती ४० ग्रॅमच्या आसपास मीठ येतं. ते जेवणात घालायचं नाही, किनाऱ्याच्या पाण्यात काय मिसळलेलं असेल याची खात्री नसते.

मेच्या मध्यानंतर ताट मांडू नये, हवेतच इतका ओलावा असतो की दिवसा वाळलेलं रात्री पाणी सोडतं. त्याआधी मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत भरावं. बरणीवरच्या चिठ्ठीत किनाऱ्याचं नाव, किती पाणी घेतलं, किती मीठ निघालं आणि तारीख, मुलाच्या अक्षरात.