स्ट्रीमर उभारणी, भाग ६: मंद्र पंचम डोलवणारी घरघर सापडली

घरघर सापडली. भाग ५ मध्ये, फाइलींतली गाणी स्पीकरवर वाजवणाऱ्या या स्ट्रीमरच्या रास्पबेरी पायला (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) वायफाय सोडून लॅन (तारेचं नेटवर्क) जोडली आणि त्याच रात्रीपासून स्पीकरमधून बारीक घरघर यायला लागली होती. दोष त्या लॅन केबलीच्या शील्डिंगमध्ये (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणात) निघाला.

मांडणी तीच आहे: रास्पबेरी पाय ४ वर मूड-ऑडिओ (गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर), यूएसबीने डॅक (डिजिटल फाइलीचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी), डॅकमधून आरसीएने (गोल टोकांच्या ऑडिओ केबलीने) इंटिग्रेटेड अ‍ॅम्प. आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवर फ्लॅकची (दर्जा न घालवता आकुंचित केलेल्या ऑडिओ फाइलींची) लायब्ररी आणि मधे पत्र्याच्या खोक्यातला पाच पोर्टचा नेटवर्क स्विच. २४/१९२ च्या (२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ) फाइली वायफायवर अडखळत होत्या म्हणून लॅन आली. खरं तर २४/१९२ स्टिरिओला सेकंदाला ९.२ मेगाबिट लागतात, फ्लॅकमध्ये त्याहूनही कमी. साधी कॅट ५ई लॅन केबल गिगाबिट वाहून नेते, म्हणजे शंभरपट वाव. तरीही ‘ऑडिओसाठी खास’ म्हणून दुकानातून शील्डवाली, धातूच्या टोकांची कॅट ७ गळ्यात पडली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

एरवी बातम्या ऐकताना ही घरघर लक्षातही येत नाही. पण पांढरी एकमधला, पंचमात लावलेला तानपुरा ऐकून बघा. षड्ज १३०.८ हर्ट्‌झ, म्हणजे मंद्र पंचम ९८ च्या किंचित वर. मेन्सच्या (घरच्या विजेच्या) घरघरीत ५० च्या जोडीला १०० हर्ट्‌झही असतो. हे दोन्ही एकत्र आले की सेकंदाला साधारण दोन डोल पडतात. पहिली, म्हणजे पंचमाची, तार छेडल्यावर सुरुवातीला काही कळत नाही. तार विझत आली, तिचा आवाज घरघरीच्या पातळीला उतरला की झोके स्पष्ट होतात, आणि तेवढ्यात जोडीची तार येऊन ते झाकते. चार आवर्तनं ऐकली की उत्तम लागलेला तानपुराही उतरल्यासारखा वाटायला लागतो. कुणी तरी जवारी आणि मणी जपून लावलेला पंचम आपल्या वायरिंगमुळे बेसूर ऐकू यावा, हे चालवून घेण्यासारखं नाही.

शोध कसा घेतला ते सविस्तर देतोय, कारण क्रम चुकला की आठवडे जातात. आधी दोन शॉर्टिंग प्लग बनवले: साध्या आरसीए प्लगमध्ये मधली पिन आणि बाहेरची कडी सोल्डरने जोडायची, झालं. हे अ‍ॅम्पच्या इनपुटला लावून व्हॉल्यूम पूर्ण उघडला तर शांतता, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष. (इथेच १०० हर्ट्‌झचा खरखरीत आवाज आला असता तर फिल्टर कपॅसिटर तपासावे लागले असते.) मग नुसता डॅक लावला, यूएसबी काढलेली: शांत. यूएसबीने पाय, वायफायवर: शांत. लॅन केबल खोचली आणि टोक ‘टक’ करून बसायच्या आधीच घरघर आली. पिना पुरत्या टेकल्याही नव्हत्या, फक्त धातूचं आवरण टेकलं होतं. सगळा उलगडा त्या क्षणी झाला. शिवाय घरघर व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत होती, म्हणजे ती नॉबच्या आधी, इनपुटच्या वाटेवरच शिरत होती.

वाट अशी आहे. अ‍ॅम्पला तीन पिनचा प्लग, म्हणजे त्याची चासी (धातूचा सांगाडा) अर्थला. तिथून आरसीएची बाहेरची कडी, डॅकची ग्राउंड, यूएसबी, पायची ग्राउंड. पायच्या लॅन जॅकचं आवरण बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेलं आहे. मल्टीमीटरचा बीपर लावला की लगेच कळतं. पुढे केबलीचं शील्डिंग, स्विचचा पत्रा, दुसऱ्या केबलीचं शील्डिंग, डेस्कटॉपची चासी आणि आतल्या खोलीचं अर्थिंग. झालं वर्तुळ पूर्ण, हाच अर्थ लूप किंवा ग्राउंड लूप. दोन खोल्यांच्या अर्थमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच, शिवाय एवढ्या मोठ्या वेटोळ्यात आजूबाजूच्या वायरिंगमुळेही प्रवाह निर्माण होतो. डेटाच्या तारा दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मरने अलग केलेल्या असतात, म्हणून बिनशील्डच्या केबलीने हा प्रश्न येतच नाही.

प्रवाह किती बारीक पुरतो बघा. आरसीएच्या बाह्य कडीचा आणि जाळीचा रोध ०.१ ओहम धरला आणि त्यातून १० मिलिअँपिअर गेले, तर १ मिलिव्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळतो. डॅकच्या २ व्होल्टच्या तुलनेत तो फक्त ६६ डीबी खाली. अ‍ॅम्पने वीसपट केला की स्पीकरवर २० मिलिव्होल्ट, म्हणजे ८७ डीबी संवेदनशीलतेच्या स्पीकरसमोर मीटरभर अंतरावर ४४ डीबी. ५० हर्ट्‌झला कान मंद असतात, म्हणून आपल्याला टोचतात ते १०० आणि १५०. याच हिशेबातून एक जोड-उपाय निघतो: जाड तांब्याच्या जाळीची आखूड आरसीए. रोध निम्मा झाला की घरघर ६ डीबीने उतरते. महागड्या केबलींच्या चर्चेत जाळीचा रोध कुणी छापत नाही, आणि इथे उपयोगाचा आकडा तेवढाच आहे.

मोजायचं असेल तर आरसीए काढून अ‍ॅम्पची कडी आणि डॅकची कडी यांच्यात एसी व्होल्ट बघा. लॅन नसताना मीटर ६०-७० व्होल्ट दाखवेल, घाबरू नका. दोन पिनच्या अडॅप्टरमधल्या वाय-कपॅसिटरमधून (मेन्सची बाजू आणि आउटपुट यांना जोडणारा छोटा कपॅसिटर) झिरपणारा हा प्रवाह आहे, २.२ नॅनोफॅरडला २३० व्होल्टवर साधारण १६० मायक्रोअँपिअर. अनवाणी पायांनी डॅकच्या कडेवरून बोटाची मागची बाजू फिरवली की जी झिणझिण लागते, ती हीच. मीटरच्या पिनांना समांतर १० किलोओहमचा रोध लावा, आकडा दीड व्होल्टच्या आसपास कोसळेल. अर्थ लूप असेल तर मात्र रोध लावल्याने आकडा जवळपास हलत नाही. दोन दोषांतला फरक ओळखायची यापेक्षा स्वस्त युक्ती नाही. रोध पुण्यात पासोड्या विठोबाला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिल्लर पैशांत मिळतो.

आता न करायच्या गोष्टी. अ‍ॅम्पची अर्थ पिन काढायची नाही, तीन पिनाला दोन पिनचं अडॅप्टर लावायचं नाही. घरघर जाते हे खरं, पण अ‍ॅम्पच्या आत फेज चासीला टेकली तर जीव जातो. उलट आधी सॉकेटचं अर्थिंग जिवंत आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या: फेज-अर्थ साधारण फेज-न्यूट्रलइतकाच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत हवा. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

आरसीएच्या वाटेत बसवायचा छोटा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ही लावून पाहिला. घरघर गेली, सोबत डग्ग्याची घुमारही गेली. त्यातल्या इवल्याशा ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या सुरांना, पूर्ण २ व्होल्टवर, संपृक्त होतो. आरईडब्ल्यू या मापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकणारा सूर) घेतला की खालच्या टोकाला विकृती चढताना दिसते. कारमध्ये ठीक, इथे नको. यूएसबी आयसोलेटर घेणार असाल तर चिप बघून घ्या: एडीयूएम४१६० वाले १२ मेगाबिटलाच थांबतात, त्यावर २४/९६ च्या पुढे जाता येत नाही आणि काही डॅक ओळखलेही जात नाहीत.

उपाय शेवटी प्लॅस्टिकच्या टोकांची साधी कॅट ६ यूटीपी (बिनशील्डची). फक्त स्विच ते पाय एवढा तुकडा बदलला. लूप एका जागी तुटला की पुरे. व्हॉल्यूम पूर्ण उघडून कान ट्वीटरला लावला तर फक्त हलकी सळसळ. मग तोच तानपुरा: पंचम सरळ रेषेत उमटतो, विझतानाही सरळ, आणि त्याच्या अंगातला निषाद पहिल्यांदाच स्वच्छ वेगळा ऐकू आला.

एक बारीकशी चिरचिर उरली आहे, लायब्ररी स्कॅन चालू असतानाच येणारी. ती यूएसबीच्या ग्राउंडवरून येते. भाग ५ मध्ये पायसाठी लिनिअर सप्लाय ठरवला होता, तो आता रद्द. ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर पुरेसा आहे. अंडरव्होल्टेजची नोंद शून्य आहे आणि हा आवाज सप्लायच्या दर्जाचा नाही, ग्राउंडच्या जोडणीचा आहे. त्या पैशांत हायफायबेरीचं डिजी हॅट (पायवर बसणारं जोडबोर्ड) बसवून डॅकला ऑप्टिकलने जोडायचं. पाय आणि डॅक यांच्यात तांबंच उरणार नाही. टॉसलिंकवर (त्या ऑप्टिकल जोडणीवर) २४/९६ बिनघोर चालतं. १९२ सगळ्याच डॅकना जमत नाही, तेव्हा त्या फाइली मूडमधूनच ९६ वर आणायच्या.

हे लिहिता लिहिता सुचलं: मग डॅकचं यूएसबी मोकळं होतं, म्हणजे मापनाचा लॅपटॉप थेट तिथे. चार्जर काढून, बॅटरीवरच. नाहीतर नवा लूप आपल्याच हाताने तयार होईल. १२ बाय १० फुटांची खोली आहे. लांबीचा पहिला मोड (खोलीच्या मापामुळे घुमणारा सूर) ४७ हर्ट्‌झला, रुंदीचा ५६ ला, आणि यूमिक या मापनाच्या माइकच्या आलेखात ४७ चा उंचवटा ठसठशीत दिसतो. कॅमिलाडीएसपी या फिल्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये पीकिंग फिल्टर, ४७ हर्ट्‌झ, उणे ७ डीबी, क्यू (फिल्टरचा अरुंदपणा) ५ असा तात्पुरता टाकलाय. ५६ ला अजून हात लावलेला नाही. आधी स्पीकर मागच्या भिंतीपासून पाऊण फूट पुढे घेऊन पुन्हा स्वीप घेणार. आलेखातले खड्डे फिल्टरने भरायचे नाहीत हे ठरलेलंच आहे. हॅट आलं की दोन्ही आलेख एकावर एक ठेवून भाग ७ मध्ये.